आजारी कामगार आणि हजेरीपट : नाशिकच्या औद्योगिक इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील कामगारवर्गाचा इतिहास बहुतांशी संप, बोनस, वेतनकरार आणि पुढारी यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. नाशिकही त्याला अपवाद नाही. १९२५ साली नाशिकरोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना. १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामुळे सातपूर व पुढे अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ओझरला विमानांचा कारखाना आला. या साऱ्या प्रवासाची नोंद सरकारी अहवालांत, युनियनच्या कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांत सापडते. मात्र क्षय, दमा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग किंवा एच.आय.व्ही. यांपैकी एखादे दुखणे जडल्यामुळे जो कामगार एके दिवशी गेटमधून बाहेर पडला आणि पुन्हा आत आला नाही, त्याची नोंद बहुधा हजेरीपटावरील एका तिरक्या रेघेपलीकडे उरत नाही. संपाने काम बंद पडते. आजाऱ्याच्या जागी मात्र दुसऱ्या दिवशी बदली कामगार उभा राहतो आणि यंत्र चालूच राहते.

बरा न होणारा, तरीही माणसाला कामासाठी सर्वस्वी निकामी न करणारा आजार या प्रश्नाकडे कायद्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे संरक्षण हळूहळू वाढत गेले, हे सर्वमान्य आहे. परंतु त्या वाढीचा लाभ कोणाला मिळेल, हे आजाराच्या स्वरूपावरून फारसे ठरले नाही. आजाऱ्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे, कायम कामगारांच्या, कंत्राटदाराच्या की कोणत्याच नाही, यावरून ते ठरत गेले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बंदीपासून विम्यापर्यंत

दीर्घकालीन रुग्ण आणि त्याचे काम यांविषयी ब्रिटिश अमदानीतील कायद्याचे आरंभीचे धोरण संरक्षणाचे नव्हते, मनाईचे होते. १८९८ च्या कुष्ठरोग्यांविषयीच्या कायद्याने प्रांतिक सरकारांना असा अधिकार दिला की, कुष्ठरोग्याने अन्नपदार्थ, पेये व कपडे विक्रीसाठी तयार करू नयेत किंवा विकू नयेत, भाड्याची वाहने चालवू नयेत, असा हुकूम काढता यावा. रोग्याच्या उपजीविकेचे काय, याचे उत्तर फक्त आश्रम हेच होते. हा कायदा स्वतंत्र भारताच्या कायदेपुस्तकातून २०१६ साली रद्द झाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने काही व्यवसायजन्य रोगांना अपघाताच्या बरोबरीने मानले. पण ती मान्यता कामामुळे झालेल्या रोगापुरती होती. गिरणीत काम करणाऱ्याला क्षय झाला, तर तो गिरणीने दिला की चाळीतल्या अंधाऱ्या खोलीने, हे सिद्ध करणार कोण? त्यामुळे सर्वांत अधिक आढळणारे दुखणेच या कायद्याच्या बाहेर राहिले. व्हिटली आयोगाने १९३१ साली आणि मुंबई प्रांतातील कापड कामगार चौकशी समितीने १९४० साली आजारपणाच्या विम्याची निकड मांडली. परंतु गिरणीमालक, प्रांत आणि केंद्र यांपैकी खर्चाचा भार कोणी उचलावा, या वादात ती सूचना अडकून पडली.

कोंडी फुटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. प्रा. बी. पी. आदारकर यांची १९४३ साली विशेष अधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आदारकरांची योजना सक्तीची व वर्गणीवर आधारलेली होती आणि आरंभी ती मोजक्या उद्योगांपुरतीच सुचविली होती. तिच्यातून एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला योजनेचे उद्घाटन झाले आणि १९५४ साली ती मुंबईत आली. पुढे औद्योगिक वसाहतींच्या वाढीबरोबर ती राज्यातील इतर शहरांत पसरली. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय हे तिचे नाशिकमधील दृश्य रूप होय.

या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व केवळ औषधोपचारात नाही. आजारी माणसाला पगाराचा काही भाग मिळणे, हा मालकाच्या उदारपणाचा विषय राहिला नाही, तो वर्गणीदाराचा हक्क झाला. आज साधा आजारपण लाभ वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, मानसिक विकार अशा ३४ दीर्घकालीन आजारांसाठी विस्तारित लाभाची सोय आहे. त्याचा दर ८० टक्के असून मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते.

सहा महिने आणि अठरा महिने

पैसा मिळाला, तरी नोकरी टिकेल काय? १९४८ च्या कायद्याचे कलम ७३ या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. विमेदार कामगार आजारपण लाभ घेत असताना किंवा प्रमाणित आजारामुळे गैरहजर असताना मालकाने त्याला बडतर्फ करू नये, पदावनत करू नये किंवा शिक्षा करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या काळात दिलेली नोटीसही निरर्थक ठरत असे. कामगारांच्या दृष्टीने हे मोठेच संरक्षण होते.

पण त्याला एक मुदत होती. योजनेच्या विनियमांत असे नमूद होते की, सामान्य आजाराच्या बाबतीत सलग सहा महिने आणि क्षय, कुष्ठरोग, मानसिक विकार, घातक अर्बुद अशा आजारांच्या बाबतीत सलग अठरा महिने उपचार झाल्यानंतर मालकाला रीतसर नोटीस देऊन कामगारास सेवामुक्त करता येईल. या दोन आकड्यांत एक संपूर्ण आरोग्यविषयक कल्पना दडलेली आहे. माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, बरा होतो आणि परत येतो, किंवा बरा होत नाही आणि जातो. पन्नाशीच्या दशकात क्षयरोग्यासाठी ही कल्पना पुष्कळशी रास्त होती. स्ट्रेप्टोमायसीननंतर अठरा महिन्यांचा उपचार हा शब्दशः रोगमुक्तीचा कालावधी होता. मात्र मधुमेही, दमेकरी किंवा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणारा रुग्ण या चौकटीत कोठेच बसत नाही. तो सलग गैरहजर नसतो. महिन्यातून चार दिवस येत नाही, कधी पाळी बदलून मागतो, कधी उभे राहून काम करू शकत नाही. त्याला रजेपेक्षा कामाच्या मांडणीत थोडासा बदल हवा असतो, आणि तो देण्याचे बंधन त्या कायद्यात नव्हते.

दुसरीकडे, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी कामगार कपातीची व्याख्या आली, तिच्यातून दीर्घकाळच्या अस्वास्थ्यामुळे झालेली सेवासमाप्ती वगळण्यात आली होती. याचा व्यावहारिक अर्थ साधा आणि कठोर होता. मंदीमुळे घरी पाठवलेल्या धडधाकट कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे कपातीची भरपाई देय होती, सततच्या आजारामुळे घरी पाठवलेल्याला ती नव्हती. धंदा बुडाला तर मालकाने भरपाई द्यावी, शरीर खचले तर देऊ नये, हा भेद त्या काळी फारसा कोणाला खटकला नसावा. राजस्थान राज्य परिवहनाच्या दृष्टिदोष झालेल्या चालकांचे प्रकरण नव्वदीच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने ही सेवासमाप्ती कपातीच्या व्याख्येत येत नाही, असेच म्हटले. मात्र ज्यांची दृष्टी नोकरी करता करता अधू झाली, त्यांना रस्त्यावर सोडणे न्याय्य नाही, हे ओळखून पर्यायी काम व जादा भरपाई यांची तरतूदही करून दिली. कायद्याचा शब्द आणि न्यायाची जाणीव यांच्यातील अंतर या निकालात उघड दिसते.

शासकीय नोकरीत परिस्थिती थोडी बरी होती. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ यांनी क्षय, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघात या चार व्याधींसाठी विशेष रजेची सोय केली. येथेही यादीच आहे, आणि यादीत नसलेल्या व्याधीच्या कर्मचाऱ्याला साध्या वैद्यकीय रजेचा हिशेब करीत बसावे लागते, हे महाविद्यालयीन वाचकांना वेगळे सांगावयास नको.

गोवा ते मुंबई : १९८९ ते १९९७

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एच.आय.व्ही.ने हा सारा प्रश्न नव्याने उभा केला. गोव्यात फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आले आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस एकांतवासात ठेवण्यात आले. पुढे त्यांची नोकरीही सुटली. त्यांच्या आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने विलगीकरणाची ती तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला, तर व्यक्तीने मागे सरावे, अशी त्या निकालाची भूमिका होती. १८९८ च्या कायद्यातील मनाईचा सूर ९० वर्षांनंतरही किती ताजा होता, याचे हे उदाहरण आहे. डॉमिनिक डिसोझा १९९२ साली निधन पावले.

त्याच उच्च न्यायालयाने ३ एप्रिल १९९७ रोजी दिलेला निकाल मात्र या इतिहासातील वळणबिंदू मानावा लागेल. ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ या नावाने तो ओळखला जातो. झेड.वाय. हे सार्वजनिक क्षेत्रातील महामंडळ होते आणि एम.एक्स. हा तेथील नैमित्तिक कामगार. १९८६ पासून तो बोलावतील तेव्हा कामावर जात असे. कायम करण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे दिसून आले. प्रकृती काम करण्याजोगी असूनही १९९४ साली त्याचे काम बंद करण्यात आले. लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेच्या वकिलांनी त्याची बाजू मांडली.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न वरवर अगदी साधा होता. हा माणूस आज ते काम करू शकतो काय, आणि त्याच्यामुळे सहकाऱ्यांना धोका आहे काय? पहिल्याचे उत्तर होय व दुसऱ्याचे नाही असे असेल, तर केवळ लागण झाली म्हणून त्याला कामावरून दूर करणे हे मनमानीचे ठरते आणि घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ यांचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. निवृत्तीच्या वयापर्यंत सेवा करू शकेल अशी खात्री असलेल्यालाच नोकरी देऊ, ही सार्वजनिक संस्थेची भूमिका न्यायालयाने निर्दय ठरवली. एम.एक्स.चे नाव नैमित्तिक कामगारांच्या यादीत पुन्हा घालावे आणि बुडालेल्या रोजगारापोटी त्याला ४०,००० रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

या निकालाच्या दोन बाजूंकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. एक, खरे नाव गुप्त ठेवून दावा चालवण्यास न्यायालयाने परवानगी दिली. आजार उघड झाल्यास नोकरी परत मिळूनही समाजात जगणे अशक्य होईल, ही भीती न्यायालयाने खरी मानली. त्यामुळे या महत्त्वाच्या लढ्याचा नायक दोन अक्षरांपलीकडे इतिहासाला ज्ञात नाही, आणि तसेच राहणे उचित आहे. दोन, एम.एक्स.ला परत मिळाली ती ‘यादीतील’ जागा. कायम नोकरीचा प्रश्न पुढील तपासणीवर सोडलेला होता. इतका दूरगामी सिद्धान्त ज्याच्या नावाने प्रस्थापित झाला, तो स्वतः निकालानंतरही रोजंदारीच्या दाराशीच उभा होता.

नाशिकचे तीन हजेरीपट

एम.एक्स.चे प्रकरण सार्वजनिक महामंडळाचे होते, म्हणून घटनेतील मूलभूत हक्कांचा थेट आधार घेता आला. खाजगी कारखान्यात तसा आधार सहजी मिळत नाही. येथे नाशिकसारख्या जिल्ह्याची रचना लक्षात घ्यावी लागते.

पहिला हजेरीपट कायम कामगारांचा. नाशिकरोडचे छापखाने, ओझरचा कारखाना, तसेच सातपूर-अंबडमधील मोठे कारखाने यांतील कायम कामगारांमागे युनियन व लेखी करार यांचे बळ असते. जड काम झेपत नसलेल्याला स्टोअरमध्ये किंवा टाइम ऑफिसात हलके काम देण्याची रीत अशा ठिकाणी कायद्याआधीच रुळलेली असते. ती सौजन्याची रीत असते, हक्काची नव्हे. युनियन दुबळी झाली की तीही ओसरते. यात एक विसंगतीही आहे. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये महिना २१,००० रुपये करण्यात आली. जुन्या, कुशल, कायम कामगाराचे वेतन त्यापुढे गेले की तो योजनेबाहेर पडतो. म्हणजे ज्या वयात मधुमेह व हृदयविकार जडू लागतात, त्याच वयात त्याचे वैधानिक छत्र निघून जाते आणि तो कंपनीच्या मेडिक्लेम पॉलिसीवर विसंबतो. पॉलिसी रुग्णालयाचे बिल देते, नोकरीची हमी देत नाही.

दुसरा हजेरीपट कंत्राटदाराचा. येथील कामगार कागदोपत्री विमा योजनेत असतो. पण विस्तारित आजारपण लाभासाठी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि मागील चार वर्गणी-कालखंडांत किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. कंत्राटदार बदलला, मधले महिने काम नव्हते, किंवा वर्गणी कापली पण भरली नाही, की हा हिशेब तुटतो. वर्गणीची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर असल्याचे १९४८ चा कायदा सांगत होता. तथापि अंगात ताप असताना ती जबाबदारी शाबीत करीत फिरणे किती जणांना शक्य आहे? शिवाय येथे बडतर्फीची गरजच पडत नाही. मुदत संपते आणि नवे कंत्राट मिळत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने मुदतीच्या कराराचे नूतनीकरण न होणे हे कपातीच्या व्याख्येतून वगळले होते. वर्षानुवर्षे नैमित्तिक म्हणून राबवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलेले आहे. आजारी कंत्राटी कामगारासाठी तो एक दुरून दिसणारा दरवाजा आहे. तो उघडण्यासाठी प्रथम मालक-कामगार नाते सिद्ध करावे लागते.

तिसरा गट हजेरीपटच नसलेल्यांचा. सिन्नर परिसरातील घरोघरी बिड्या वळणाऱ्या स्त्रिया हे त्याचे जुने उदाहरण. मजुरी हजार बिड्यांमागे. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगारालाही कामगार मानले आणि १९७६ च्या कल्याण निधी कायद्यातून दवाखाने व उपचारांच्या योजना आल्या. त्यांचा लाभ ओळखपत्रावर अवलंबून. ज्या उपकरावर हा निधी चालत असे, तो २०१७ साली वस्तू व सेवा कर येताना रद्द झाला. तंबाखूच्या धुळीत बसून दमा किंवा क्षय झालेल्या स्त्रीला कोणी कामावरून काढीत नाही. ती हजाराऐवजी पाचशे वळते, मग तीनशे, आणि मग तिची पाने-तंबाखू दुसऱ्या घरी जाते. काढून टाकल्याची तारीख नाही, नोटीस नाही, म्हणून दाद मागण्याजोगी घटनाही नाही. कायद्याची सारी यंत्रणा ‘सेवासमाप्ती’ या घटनेभोवती रचलेली असल्याने ही झीज तिच्या दृष्टीस पडत नाही.

यादीत असलेले आणि नसलेले

एकविसाव्या शतकातील कायद्यांनी या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील कलम ४७ नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नसे. समान वेतनाची दुसरी जागा, तीही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे, असे त्यात सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग प्रकरणात या कलमाचा अर्थ कर्मचाऱ्याच्या बाजूने उदारपणे लावला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने यादी ७ वरून २१ वर नेली. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे विकार तिच्यात आले. मात्र नोकरी न जाण्याची हमी व कामाच्या ठिकाणी रास्त सोयी देण्याचे बंधन शासकीय आस्थापनांवरच राहिले. खाजगी आस्थापनांकडून प्रामुख्याने समान संधीच्या धोरणाची अपेक्षा केली गेली. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग ही नावे त्या यादीत नाहीत.

याउलट १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ ने खाजगी मालकालाही बांधले. नोकरीपूर्वी एच.आय.व्ही. तपासणीची अट घालता येत नाही. कामगार अपात्र आहे असे म्हणावयाचे, तर स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचे लेखी मत आणि मालकाला सोसावा लागणारा असह्य भार यांचा लेखी खुलासा द्यावा लागतो. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असावा लागतो. एम.एक्स. प्रकरणातील कसोटी येथे कायद्याच्या कलमात उतरली. ती एकाच आजारासाठी उतरली, हे मात्र आश्चर्याचे आहे. ‘हा माणूस हे काम करू शकतो काय?’ हा प्रश्न विषाणूपुरता मर्यादित नव्हता. तो इन्सुलिन घेणाऱ्या ऑपरेटरला आणि केमोथेरपीनंतर परतलेल्या पॅकिंग विभागातील स्त्रीलाही तितकाच लागू पडतो. परंतु त्यांच्यापाशी संघटित चळवळ नव्हती, आणि चळवळीविना असा कायदा झाल्याचे उदाहरण या इतिहासात तरी मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची व १९४८ च्या विमा कायद्याची जागा अनुक्रमे औद्योगिक संबंध संहिता आणि सामाजिक सुरक्षा संहिता यांनी घेतली. निश्चित मुदतीच्या नोकरीला नव्या व्यवस्थेत अधिकृत स्थान मिळाले असून अशा कामगाराला वेतन व इतर लाभ कायम कामगाराच्या बरोबरीने द्यावयाचे आहेत. मुदत संपून होणारी सेवासमाप्ती मात्र कामगार कपात मानली जात नाही. सातपूरच्या एखाद्या कारखान्यात मुदतीच्या करारावर असलेला, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला कामगार विमा योजनेतून उपचार घेऊ शकतो. रात्रपाळीऐवजी पहिली पाळी मिळेल काय, हे त्याच्या सुपरवायझरवर आहे, आणि करार पुढे चालू राहील काय, याचा खुलासा त्याला कोणी लेखी देणे लागत नाही.